फ्रेंच टोस्ट, मुक्काम क्वीन्सटाउन

सिंगापुरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला क्वीन्सटाउन म्हटले की वाटते, इथे एखादा राजवाडा असेल, निदान भायखळ्यासारखी एखादी राणीची बाग तरी असेल. तसले इथे काही नाही. १९५३ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, त्याची आठवण म्हणून सिंगापूरच्या या पहिल्या उपनगरी वसाहतीला हे नाव दिले गेले. त्याआधी इथे दलदल होती, दोन्ही बाजूंना टेकड्या होत्या आणि मधे होक्कियन शेतकऱ्यांचे खेडे होते. वसाहत बांधायला घेतली सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९६० पासून ते काम हौसिंग बोर्डाने पुढे नेले. मार्गारेट ड्राइव्ह, स्टर्लिंग रोड, स्ट्रॅथमोर अव्हेन्यू, प्रिन्सेस इस्टेट, डचेस इस्टेट! पत्ता सांगताना आपण बकिंगहॅम पॅलेसच्या माळीबुवांशी बोलतो आहोत असे वाटावे. प्रत्यक्षात बिल्डिंगखाली चिनी आजोबा बनियनवर बसून बुद्धिबळाचा पट मांडतात, मलय बाई कुंड्यांना पाणी घालते आणि लिफ्टमध्ये तमिळ शेजारी विचारतात, ‘जेवलात का?’

नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा, हा प्रकार फ्रेंच टोस्टच्या बाबतीतही तंतोतंत आहे. म्हणून म्हटले, सुरुवात इथूनच करावी.

मंडळाच्या गेल्या सहलीत दोघा-तिघांनी आमच्याकडे या पदार्थाची कृती मागितली. आम्ही तो गरम अननसाबरोबर करतो, ही बातमी कुणीतरी फोडली होती. कृती देतोच, पण आधीच सांगून ठेवतो की तिच्या आजूबाजूचेच बरेच काही या लेखात आले आहे. संपादकांनी कात्री चालवली तर कृपा करून अननस तेवढा ठेवावा.

तर, फ्रेंच टोस्ट फ्रेंच नाही. फ्रान्समध्ये त्याला ‘पें पर्द्यू’ म्हणतात, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’ किंवा शब्दशः ‘हरवलेला पाव’. जर्मन लोक त्याला ‘गरीब सरदार’ म्हणतात. स्पेनमध्ये तो ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात होतो, पोर्तुगालमध्ये नाताळात. सगळीकडे मुद्दा एकच आहे. पाव शिळा झाला आहे, टाकवत नाही, मग दुधात भिजवा, तव्यावर परता आणि वर काहीतरी गोड घाला. आपल्याकडे शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू वळतात, त्यातलीच ही गोष्ट. शिळे अन्न टाकायला जीव होत नाही, अशा बायका जगाच्या सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच पद्धतीने विचार करत आल्या आहेत.

अपिसियस या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा एक जुना संग्रह आहे. त्यात गव्हाच्या पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवून तेलात तळायचे आणि वर मध ओतायचा, अशी कृती आहे. त्यानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळाने, १६६० साली, रॉबर्ट मे या इंग्रज स्वयंपाक्याच्या पुस्तकात ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव येते. त्यात फ्रेंच पावाचे जाड काप जाळीवर भाजून वाइनमध्ये भिजवायचे आणि वर साखर व संत्र्याचा रस घालायचा. नीट पाहा, या दोन्ही कृतींत अंडे नाही! हा शोध आम्हाला पुढे फार कामी आला, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्यापैकी एकाचे एम.एस. अमेरिकेत झाले (कुणाचे ते या लेखात महत्त्वाचे नाही, घरात मात्र अधूनमधून होते). तिथे वसतिगृहाच्या खानावळीत रविवारी सकाळी फ्रेंच टोस्ट असायचा. बाहेर गुडघाभर बर्फ आणि ताटात जाड पावाचे सोनेरी काप, वर दालचिनी घालून शिजवलेली गरम सफरचंदे. घरचा पैसा मोजून खर्च करायचे दिवस होते आणि रविवारी हे ताट पाहिजे तेवढ्या वेळा भरून घेता यायचे. त्या चवीत भुकेचा वाटा मोठा होता, हे कबूल.

इथे क्वीन्सटाउनला आल्यावर कळले की हा पदार्थ आपल्याआधी इथे येऊन बसलेला आहे. हैनान बेटावरून आलेले चिनी लोक ब्रिटिशांच्या घरी खानसामे म्हणून काम करत, पुढे त्यांनी कॉफीची दुकाने काढली. साहेबाच्या घरचा टोस्ट तिथून कोपीटियममध्ये उतरला. नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पानदानची पाने आटवून केलेला ‘काया’ पावाला लावायचा, सोबत अर्धकच्ची अंडी आणि दाट दूध घातलेली कॉफी. ज्या दुकानांत फ्रेंच टोस्ट मिळतो तिथे तो अंड्यात बुडवून तळतात आणि काया बाजूला वाटीत देतात. चांगलाच लागतो. पण आमच्या चिरंजीवांना लहानपणापासून घरचाच लागतो, आणि तोही शनिवारीच. शनिवारी सकाळी त्याची मराठी शाळा असे. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक शिकायला जाण्यासाठी एवढी लाच द्यावीच लागायची.

आता कृती, आणि कृतीच्या आधी पाव.

सिंगापूरच्या हवेत पाव शिळा होत नाही, त्याला बुरशी येते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हिवाळ्यात पाव दुसऱ्या दिवशी ठणठणीत होतो, इथे तो तिसऱ्या दिवशी हिरवा होतो. त्यामुळे शिळा पाव मुद्दाम तयार करावा लागतो. पाव शिळा होणे म्हणजे नुसते सुकणे, असा आपला समज असतो. तसे नाही. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि विस्कटतो. पाव गार झाला की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून रांगेत उभे राहू लागतात, आणि पाव कडक लागायला लागतो. ही रांग फ्रीजच्या थंडीत सगळ्यांत लवकर लागते. म्हणून तर पाव फ्रीजमध्ये ठेवू नका असे सांगतात. आम्ही नेमका तिथेच ठेवतो. गुरुवारी न कापलेला पाव आणायचा, शुक्रवारी रात्री त्याचे दीड बोट जाडीचे काप करून फ्रीजमध्ये जाळीवर उघडे मांडून ठेवायचे. सकाळी ते दूध भरपूर पितात आणि तरीही मोडत नाहीत. दुकानातला कापलेला मऊ सँडविचचा पाव घेतलात तर हातात लापशी येईल. लिटल इंडियात लादी पाव मिळतो, तोही आडवा न कापता अख्खा भिजवला तर फार छान होतो.

सहा कापांना तीन अंडी, एक कप दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडे जायफळ. मीठ विसरू नका. अंडे एवढेच फेटायचे की पांढरा बलक धाग्यासारखा राहू नये, फेस आणायचा नाही. काप दोन्ही बाजूंनी मिळून मिनिटभर भिजवून मंद आचेवर तुपात परतायचे. लोण्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात, तुपाला ती भीती नाही. आच मोठी केली तर बाहेरून रंग येतो आणि आत गचका राहतो. बोटाने मधोमध दाबून पाहावे, काप उसळून वर आला पाहिजे.

वरचे फळ ज्याच्या त्याच्या आवडीचे. आम्ही सुरुवातीला सफरचंदेच घालायचो, पण विषुववृत्तापाशी राहून न्यूझीलंडची सफरचंदे शिजवायची हे काही बरे दिसेना. मे लिंगच्या मार्केटातली फळवाली आम्हाला अननस सोलून द्यायची. इथे तो सोलायची पद्धत पाहण्यासारखी आहे. साल काढल्यावर डोळे तिरप्या चरीत कापत नेतात, त्यामुळे फळावर नक्षीदार मळसूत्र उमटते आणि गर कमीत कमी वाया जातो. होक्कियन भाषेत अननसाला ‘ओंग लाय’ म्हणतात, आणि त्याचा उच्चार ‘भरभराट येवो’ यासारखा होतो. म्हणून नव्या घरात जाताना चिनी मंडळी दारातून अननस गडगडत आत सोडतात. आम्ही फ्लॅटची किल्ली मिळाल्यावर कलश ठेवला आणि शेजारणीच्या आग्रहाखातर अननसही गडगडवला. दोन्ही देव राजी असलेले बरे.

अर्ध्या अननसाचे बारीक तुकडे, एक चमचा तूप, दोन लवंगा आणि अंदाजे ५० ग्रॅम गुला मलाका किसून. गुला मलाका म्हणजे इथला ताडामाडाचा गूळ. नारळाच्या पोयीतून निघणारा रस आटवून तो पूर्वी बांबूच्या नळकांड्यात ओतत, म्हणून अजूनही तो दंडगोलासारख्या वड्यांत मिळतो. अननस तुपात परतून पाणी सुटले की गूळ घालायचा आणि आठ-दहा मिनिटे, रस चमच्याच्या पाठीला धरेपर्यंत शिजवायचा. कॉर्नफ्लोअर घालून दाट करू नका, चकाकी जाते. उतरवल्यावर लिंबू पिळा. हे सगळे गरम टोस्टवर गरमच घालायचे.

गरमच का, याला कारण आहे. कच्च्या अननसात दुधातली प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य असते. कच्चा अननस दुधात घातला तर दूध फाटते आणि थोड्या वेळाने कडू होते. शिजवले की ते द्रव्य निकामी होते. आजींना आम्ही हे सगळे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दूध आणि फळ एकत्र करू नये हे सांगायला एम.एस. कशाला लागतं?’

आजी म्हणजे चिरंजीवांच्या आजी. आता घरात त्यांना सगळेच आजी म्हणतो. माहेर वेंगुर्ल्याचे, लग्नानंतर पन्नास वर्षे पुण्यात. वय ७४. सिंगापूरला त्या पूर्वी तीनदा आल्या होत्या आणि ज्युराँगचे पक्षी, सेंटोसा, बोटॅनिक गार्डन हे सारे एकेकदा पाहून ‘झालं आता’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. या वेळी त्या आल्या ते नातवाला भेटायला, कारण त्याची नॅशनल सर्व्हिस सुरू व्हायची होती.

इथल्या वाचकांना हे सांगायला नको, पण आपला अंक भारतातल्या आई-वडिलांपर्यंतही जातो म्हणून सांगतो. सिंगापुरात १९६७ पासून मुलांना सक्तीची लष्करी सेवा आहे. पूर्वी ती बहुतेकांना अडीच वर्षे असे, २००४ पासून दोन वर्षे झाली. ती नागरिकांच्या मुलांना आहे, आणि आई-वडिलांमुळे पी.आर. मिळालेल्या आपल्यासारख्यांच्या मुलांनाही आहे. आपल्या ओळखीतली कितीतरी कुटुंबे मुलगा दहा वर्षांचा व्हायच्या आत हिशेब मांडून बसतात. कुणी पुण्याला परततात, कुणी ऑस्ट्रेलियाचे कागद करतात. त्यांना नावे ठेवावीत असे आम्हाला कधी वाटले नाही. आम्हीही दोन रात्री जागून हिशेब मांडला होता. एका बाजूला दोन वर्षे, दुसऱ्या बाजूला त्याचे सगळे मित्र, त्याची शाळा, क्वीन्सटाउनचे ते १९७० सालचे वाचनालय जिथे तो वाचायला शिकला, आणि जिथे तो रस्त्याने एकटा हिंडतो तेव्हा आम्हाला काळजी वाटत नाही असे गाव. आम्ही राहिलो. त्याला विचारले तर त्याला प्रश्नच कळला नाही. ‘सगळेच जातात ना?’ म्हणाला.

आजींना मात्र प्रश्न पहिल्या दिवसापासून कळला होता. विमानतळावरून येतानाच त्यांनी विचारले, ‘तुम्ही दोघं इथं शिकलेली माणसं म्हणून आलात. पोराला बंदूक कुणी द्यायला सांगितली?’ आम्ही म्हटले, आई, लढाई नाही, प्रशिक्षण असते, घरापासून तासाभरावर बेट आहे, शनिवार-रविवारी सुटी मिळते. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. घरी आल्यावर पहिले आठ दिवस आमच्याशी कामापुरते बोलणे, जेवण पानात मोजून दोन घास, आणि नातवाशी मात्र हसून-खेळून. सकाळी त्या आमच्या आधी उठून कॉमन कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसत. समोर टांगलिन हॉल्टच्या बाजूला नव्या उंच इमारती दिसतात. तिथल्या जुन्या दहा मजली इमारतींना लोक होक्कियनमध्ये ‘चाप लाऊ’ म्हणजे दहा मजले म्हणून ओळखत. २०१४ मध्ये त्या भागातल्या ३१ इमारती पाडून लोकांना जवळच नव्या घरांत हलवायचे जाहीर झाले. पलीकडून मलायाची आगगाडी जात असे, तीही ३० जून २०११ ला शेवटची धावली आणि आता रुळांच्या जागी चालायची वाट आहे. ‘हॉल्ट’ राहिला फक्त नावात. हे सारे आम्ही आजींना बोट दाखवून सांगायचो. त्या ‘हं’ म्हणायच्या.

त्या शनिवारी, म्हणजे चिरंजीव जाण्याच्या आधीच्या शनिवारी, फ्रेंच टोस्ट करायचाच होता. आजी अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही एक कप दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि एक चमचा बेसन कालवले. ही युक्तीही जुनीच आहे. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर शोधली. ती मुळात कॉर्नफ्लोअरच असते, ते तव्यावर शिजून अंड्यासारखे आवळते. फक्त पावडर तळाशी बसते, म्हणून प्रत्येक काप बुडवताना ढवळावे लागते. एकीकडे आम्ही आजींना रोमन लोक आणि रॉबर्ट मे यांची हकिकत सांगत होतो, की बघा, मूळच्या कृतीत अंडे नाहीच, तुमचाच टोस्ट अस्सल. आजींचे लक्ष नव्हते. त्या कढईकडे पाहत होत्या. गूळ विरघळायला लागला होता.

‘हा माडाचा गूळ आहे,’ त्या म्हणाल्या.

आम्ही म्हटले, हो, इथे गुला मलाका म्हणतात.

‘इथं काय म्हणतात ते राहू दे. हा गोव्याहून यायचा आमच्याकडे.’ त्यांनी आमच्या हातातला डाव घेतला आणि आच कमी केली. मग ढवळता ढवळता, आमच्याकडे न पाहता, त्या सांगत गेल्या. मधे आम्ही कुणी काही विचारले नाही.

त्यांचा थोरला भाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला होता. घरात भाऊ एकच. तो सुटीवर यायचा तेव्हा आई आदल्या दिवशी सायकलवरच्या पाववाल्याकडून जास्तीचे पाव घेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते दुधात बुडवून तुपावर परतायची आणि वर केळी, तुपात परतून या गुळात घोळलेली. त्याला नाव काही नव्हते. ‘भाऊचा पाव’ म्हणायचे. एरवी कधी व्हायचा नाही. उरलेल्या बहिणींना त्याच्या पानातला एकेक तुकडा मिळायचा. १९६५ च्या सप्टेंबरात लढाई झाली आणि महिन्याभराने तार आली. तो वीस वर्षांचा होता आणि आजी चौदा. ‘आई त्यानंतर पुष्कळ वर्षं होती,’ आजी म्हणाल्या, ‘पण पाव घरात यायचा बंद झाला. पाववाला दारावरून भोंपू न वाजवता जायचा.’

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. भाऊ होता आणि तो गेला, एवढे आम्हाला माहीत होते. कुठे, कसा, किती वयाचा, हे कधी बोलण्यात आले नव्हते. पुण्याच्या घरात त्याचा फोटोही नाही. त्या आठ दिवसांच्या अबोल्यात आम्ही मनातल्या मनात आजींना हटवादी ठरवून टाकले होते, जुन्या वळणाची माणसे, त्यांना काय कळणार इथले, वगैरे. इतक्या वर्षांत आपणही हे विचारले नाही, असे मात्र तेव्हा वाटले आणि अजून वाटते.

चिरंजीव तोवर उठून आले होते. दारात उभे राहून त्यांनी ते सगळे ऐकले की शेवटचेच, कळले नाही. बसले आणि म्हणाले, ‘आजी, मला तुझ्यातला दे.’ बिनअंड्याचा. आयुष्यात पहिल्यांदा.

टेकोंग बेटावर पहिल्या दिवशी आई-वडिलांना बरोबर जाता येते. चांगीहून बोट जाते. आजींना न्यावे की नाही यावर आमच्यात दोन मते होती. त्यांनी स्वतःच पिशवी भरून ठेवली होती. तिथे मुलांच्या खोल्या दाखवतात, मुले शपथ घेतात, नंतर सगळ्यांना त्यांच्याच भोजनगृहात जेवण देतात. आजींनी खाटेवरची गादी दाबून पाहिली, शेजारच्या खाटेवरच्या चिनी मुलाच्या आईला खुणेने विचारले, हा तुझा का? तीही रडत होती. दोघींचे भाषेविना बरेच बोलणे झाले. परतीच्या बोटीत कुणी फारसे बोलले नाही. एका बाजूला मलेशियाचा किनारा दिसत होता आणि विमाने डोक्यावरून उतरत होती.

त्यानंतर साधारण दोन आठवडे मुलांना घरी सोडत नाहीत. रात्री थोडा वेळ फोन करू देतात. फोनवर तो ‘ठीक आहे’ एवढेच म्हणायचा आणि आजी त्याला रोज एकच विचारायच्या, ‘पाय दुखतात का?’ या काळात आजी पुन्हा आमच्याबरोबर जेवायला लागल्या. बंदुकीचा विषय त्यांनी सोडला असे मात्र नाही. एक दिवस भाजी चिरताना म्हणाल्या, ‘तुमचं पटलं असं नाही हां.’ आम्ही बरे म्हटले. आम्हालाही सगळ्या रात्री ते पटलेले असते असे नाही.

दोन्ही गुरुवारी आम्ही पाव आणला. पहिल्या शनिवारी तो येणार नाही हे माहीत असूनही आणला. हाताला सवय असते. त्या पावाचे मग आजींनी कांदा, हिरवी मिरची, हळद घालून पोह्यांसारखे केले. फोडणीचा पाव! तोही कुणी कधी या अंकात लिहावा.

पहिल्या सुटीला तो आला तेव्हा केस नव्हते, मान काळी पडली होती आणि आवाज बसला होता. बूट दारात व्यवस्थित जोडीने ठेवले, हे पाहून आम्ही उभयता एकमेकांकडे पाहिले. अठरा वर्षे आम्ही त्यासाठी घसा फोडला होता. आजींनी केळी आणली होती. इथे मिळतात त्यांतली पिसांग राजा जातीची शिजवायला चांगली, परतली तरी मेण होत नाहीत आणि आंबटपणाची किंचित धार राहते. अननस बाजूला राहिला. आजींनी कापांना कस्टर्डही लावू दिले नाही, नुसते दूध, साखर आणि वेलची. नुसत्या दुधात भिजवलेला काप तव्यावर उलटताना मोडण्याची भीती असते, पण फ्रीजमधल्या पावाने लाज राखली. तुपाला त्यांनी हात आखडला नाही.

त्याने सात काप खाल्ले. आठवा घेताना ताटावरच डोळे मिटायला लागले. झोपायला जा म्हटले तर ‘हो’ म्हणून तिथेच बसून राहिला. आजींनी त्याच्या ताटातला आठव्या कापाचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. आम्हाला वाटले, काही बोलतील. त्या म्हणाल्या, ‘वेलची जास्त झाली.’

आजींच्या व्हिजिट पासची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. ती वाढवून मिळावी म्हणून आम्ही अर्ज भरला आहे. नातवाचे पहिले प्रशिक्षण पुरे होऊन संचलन होईल तेव्हा त्यांना इथे असायचे आहे. कारण या रकान्यात काय लिहायचे, असे आम्ही त्यांना विचारले. त्यांनी विचार करून सांगितले, ‘नातू सुटीवर येतो, असं लिहा.’ तसेच लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. फ्रीजमध्ये पाव कापून ठेवला आहे, आणि या खेपेला अननस व केळी दोन्ही आणली आहेत.